भट्टीवरच्या अक्का

आमच्या गल्लीतल्या अक्का कुणाच्याही घरी चहाला गेल्या तरी बिस्कीट स्वतःचं घेऊन जात. कापडी पिशवीत स्टीलचा छोटा डबा आणि त्यात चार बिस्किटं. यजमानीणबाईंनी हौसेने पुड्यातली बिस्किटं बशीत मांडून आणली, की अक्का ती बशी दोन बोटांनी हलकेच बाजूला सारत आणि आपला डबा उघडत. नव्या माणसाला तो अपमान वाटे. जुन्या शेजारणी बशी आणायच्याच बंद झाल्या होत्या. "दुकाननं बिस्कीट चहामा टाकं की बुडी जास," अक्का म्हणत, "मंग चमचा घीसन त्याले धुंडत बसा." एकदा त्या दवाखान्यात भरती असलेल्या शेजारणीला बघायला गेल्या आणि तिच्या खाटेवर बसून, तिच्यासमोर, आपली चारही बिस्किटं खाऊन आल्या. मी हटकलं तर म्हणाल्या, तिला डॉक्टरांनी गोड बंद केलंय, त्यात माझा काय दोष?

अक्का मूळच्या धुळ्याकडच्या. यजमान एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, म्हणून जळगावात आल्या आणि ते गेल्यावरही इथेच राहिल्या. गल्लीच्या तोंडाशी दोन खोल्यांचं घर, दाराशी मोगरा, आणि धुळ्यात दिलेली एकुलती मुलगी, सुनंदा. जळगावात उभा जन्म काढूनही अक्कांची अहिराणी तसूभर हलली नाही; 'माझी' म्हणायचं तर त्या 'मनी'च म्हणत. मी नाशिककडची, लग्न होऊन या गल्लीत आले आणि जवळच्या शाळेत शिकवायला लागले. त्यामुळे अक्का मला पहिल्या दिवसापासून "मास्तरीण" म्हणत. त्यात आदर किती आणि चिडवणं किती, याचा हिशोब मला आजवर लागलेला नाही.

खानदेशात मे महिन्यात पापड-कुरडया आटोपल्या की बिस्किटांचा दिवस येतो, हे मला लग्नाआधी ठाऊक नव्हतं. मैदा, तूप, साखर घरचं, परात घरची, हात घरचे. भाजायचं मात्र बेकरीच्या भट्टीवर. बायका भल्या सकाळी पत्र्याचे रिकामे डबे घेऊन बेकरीत जातात, तिथेच पीठ मळतात, पत्र्यांवर बिस्किटं मांडतात आणि भट्टीवाला ते पत्रे लांब दांड्याने आत सरकवतो. दुपारी डबे भरून घरी. मग वर्षभराचा पाहुणा निभावतो. पहिल्या वर्षी मी मोठ्या तयारीनिशी गेले आणि जाडी साखर घेऊन गेले. पिठीसाखर करून न्यायची असते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. "हाई काय लयनी तू?" अक्कांनी पिशवीत डोकावून विचारलं, आणि मग सगळ्या भट्टीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मास्तरीण चहा कराले आयनी, माय!"

भट्टीवर अक्कांचं राज्य असे. त्यांनी तूप आणि साखर परातीत तळहाताने फेसायला घेतली की बघत राहावं. पिवळट तूप पांढरंशुभ्र होईपर्यंत हात थांबत नसे आणि त्याहून तोंड थांबत नसे. माप विचारलं की त्या चिडत. मी एकदा वही-पेन घेऊन बसले होते. किती मैद्याला किती तूप, असं विचारलं. अक्का म्हणाल्या, "घेस तितलं." मी म्हटलं, घेईल तितकं म्हणजे किती? तर म्हणाल्या, पीठ सांगतं. माझ्याशी ते पीठ तीस वर्षांत एक अक्षर बोललं नाही.

पण अक्कांचा खरा दरारा होता तो त्यांच्या जिभेचा. प्रत्येकीच्या परातीतलं कच्चं पीठ त्या चिमूटभर तोंडात टाकत, डोळे मिटत आणि निकाल सांगत. शेजारच्या कमलताईंना त्यांनी भर बेकरीत विचारलं होतं, "तूप घरमाच ठी आयनी का?" कमलताई दोन दिवस फुगून बसल्या, पण पुढच्या वर्षी तूप पुरेपूर आणलं. बेकरीवाले चाचा तर अक्कांनी मान हलवल्याशिवाय पत्रा आत सरकवत नसत. माझ्या बिस्किटांबद्दलचा निकाल दरवर्षी एकच असे. "हाई बिस्कीट शे का खापर?" मी चांगली शिकलेली, नोकरी करणारी बाई, पण या बाईने एकदा, फक्त एकदा "चांगलं झालं" म्हणावं, म्हणून मी दर मे महिन्यात जीव टाकत असे.

साथीच्या दिवसांत अक्कांना ताप आला. आठ दिवस अंथरुणात होत्या, मग उठल्या, मोगऱ्याला पाणी घालू लागल्या आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. त्या वर्षीच्या बिस्किटांचा पहिला घास मी घेतला आणि माझे डोळे पांढरे झाले. बिस्किटं खारट होती. अशी तशी नाही. गल्लीतल्या गाईला मुलांनी एक घातलं, तर ती सरळ नळाखालच्या बादलीकडे गेली. आणि अक्का समोर उभ्या राहून विचारत होत्या, "कशी झायी?" कमलताई म्हणाल्या, छान. मी म्हटलं, छान. सगळ्यांनीच छान म्हटलं. आजारातून उठलेलं माणूस, एकदा हात चुकला असेल, त्यात काय बोलायचं, असा आमचा विचार.

त्यानंतर मला एक गोष्ट खटकू लागली. पूर्वी अक्का आधी स्वतः चाखत, मग दुसऱ्याला देत. आता त्या पहिलं बिस्कीट समोरच्याच्या हातात ठेवत आणि त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत. समोरचा हसला की त्यांचा जीव भांड्यात पडे. एकदा माझ्याकडे दूध उतू जाऊन भांडं करपलं, घरभर धूर, आणि अक्का त्याच खोलीत बसून मोगऱ्याच्या कळ्या निवडत होत्या. तेव्हा मला कळलं. तापाने त्यांची चव आणि वास दोन्ही नेले होते आणि त्यांनी ते कुणालाच, सुनंदालाही, सांगितलं नव्हतं. मी कमलताईंना सांगितलं. आम्ही दोघींनी बराच वेळ विचार करून ठरवलं की काही बोलायचं नाही. दुसऱ्या वर्षी बिस्किटं आणखी खारट झाली आणि आम्ही आणखी जोरात छान म्हटलं.

तिसऱ्या वर्षी सुनंदाच्या मुलीचा साखरपुडा ठरला, धुळ्यातच. अक्कांनी जाहीर केलं की मुलाकडच्या सगळ्या माणसांना चहाबरोबर आजीच्या हातची बिस्किटं मिळतील, दुकानातलं काही आणायचं नाही. चार मोठे डबे न्यायचे होते. सुनंदाने सासरी, शेजारी, सगळीकडे सांगून ठेवलं होतं. आम्ही भट्टीवर गेलो. अक्का नवं लुगडं नेसून आल्या होत्या, जणू साखरपुडा भट्टीवरच होता. परातीत एवढं पीठ मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी बोलता बोलता मीठ टाकलं, थोडं मळलं आणि बोलता बोलता पुन्हा टाकलं. मग चिमूटभर पीठ माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या.

मी ते जिभेवर ठेवलं. माझ्यामागे कमलताई डोळ्यांनी "छान म्हण, छान म्हण" करत होत्या. चाचा पत्रे पुसून तयार होते. मी छान म्हटलं असतं तर ते चार डबे धुळ्याला गेले असते, पन्नास परक्या माणसांनी ती बिस्किटं तोंडात घातली असती आणि अक्कांना जे कळायचं ते तिथे, नव्या सोयऱ्यांच्या देखत, नातीच्या मांडवात कळलं असतं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत शिक्षणाधिकाऱ्यासमोरही मी इतकी घाबरले नव्हते.

"मीठ जास्त झालंय, अक्का," मी म्हटलं.

"कितलं?"

"खूप. तोंडात धरवत नाही."

अक्कांनी पदराला हात पुसले. "गये साल?"

"गेल्या वर्षीही."

"आनि तेन्हा पहिले?"

"तेव्हाही."

त्या मैद्याच्या पोत्यावर बसल्या. मला वाटलं, आता ही बाई आयुष्यात माझं तोंड बघणार नाही. परातीकडे बघत त्या हळू म्हणाल्या, "माले चव नही समजत वं. वास बी नही. ताप गया, तो बठ्ठं लई गया. मी तुमना तोंडं देखू. तुम्ही हसत व्हत्यात, माले वाटे चांगलं झायं." आणि मग एकाएकी त्यांचा आवाज चढला, नेहमीचा, सगळ्या बेकरीला ऐकू जाणारा. "पोरेसले खरं बोलानं शिकाडस ना तू? मंग दोन वरीस मूग गिळीसन बसेल व्हती का?"

त्या मला रागावल्या आणि मला इतकं हलकं वाटलं की मी हसायलाच लागले. कमलताई हसता हसता रडायला लागल्या. चाचा पुढे आले आणि म्हणाले, "अक्का, अजून भट्टीत गेलं नाही, म्हणजे काही बिघडलं नाही. मैदा वाढवा, साखर वाढवा." पण वाढवायला अक्कांकडचा मैदा संपला होता. मग कमलताईंनी आपली मैद्याची पिशवी त्या परातीत उपडी केली. मी माझी केली. बाकीच्याही एकेक करून पुढे आल्या. एका परातीच्या चार पराती झाल्या, सगळ्यांचं तूप, सगळ्यांची साखर एकत्र फेसली गेली, आणि दर दोन मिनिटांनी अक्का चिमूटभर पीठ माझ्यापुढे करत होत्या. "आते?" अजून खारट. "आते?" थोडं. सातव्या खेपेला मी म्हटलं, "बास. झालं." त्यांनी चाचांकडे बघून मान हलवली. त्या वर्षी गल्लीत कुणालाच स्वतःच्या घरची बिस्किटं मिळाली नाहीत. चार डबे धुळ्याला गेले आणि उरलेली आम्ही वाटून घेतली. साखरपुड्यात मुलाच्या आत्याने कृती विचारली, तेव्हा अक्का म्हणाल्या म्हणे, की त्याला आख्खी गल्ली लागते.

खरं बोलण्याची किंमत आम्हाला पुढे मोजावी लागली. आईला वास येत नाही हे कळल्यावर सुनंदाने धसका घेतला. गॅस चालू राहिला तर आईला कळणार कसं? दिवाळीनंतर ती टेम्पो घेऊन आली आणि अक्कांना धुळ्याला घेऊन गेली. मोगऱ्याची कुंडीसुद्धा गेली. मी त्या दिवशी शाळेत रजा टाकली. छान म्हणत राहिले असते तर अक्का गल्लीत राहिल्या असत्या, असं मला बरेच दिवस वाटत राहिलं. अधूनमधून अजूनही वाटतं.

मात्र पुढच्या मे महिन्यात धुळ्याहून फोन आला. "भट्टी लावनी शे. ये." बस, एवढंच. मी गेले. तिथल्या बेकरीत अक्कांनी पीठ मळलं, चिमूट माझ्यापुढे केली, मी चाखलं, मीठ घालायचं राहून गेलं होतं, तसं सांगितलं, मीठ घातलं, भट्टी लागली. तेव्हापासून दरवर्षी जाते. बिस्किटाचं कच्चं पीठ चाखायला जळगावहून एसटीने धुळ्याला जाणारी बाई माझ्याशिवाय दुसरी नसावी. माझ्या स्वतःच्या बिस्किटांचं म्हणाल तर त्यांची त्या आता मोडून परीक्षा घेतात, आवाज ऐकतात, आणि नापास करतात.

यंदा माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी प्रवास बंद केला. मी अक्कांना फोन करून सांगितलं, की यंदा जमणार नाही, तुम्ही करून घ्या. त्या म्हणाल्या, थांबते. मे संपत आला. परवा पुन्हा त्यांचा फोन आला, तूप-मैदा आणून ठेवलाय, मैद्याला किडे पडतील, तुझा गुडघा कधी बरा होणार? मी म्हटलं, "अक्का, एवढं काय अडलंय? सुनंदा आहे ना घरात. तिला चाखायला सांगा."

"ती मनी पोर शे," अक्का म्हणाल्या. "ती मनं मन राखस. तू मनी कोन लागस?"

मी फोन ठेवला, गुडघ्याला पट्टा बांधला आणि नवऱ्याला सांगितलं की सकाळच्या धुळ्याच्या गाडीत मला बसवून दे.