मामाच्या अळ्या

अळीचं नाव काढलं की प्रेमानं हसणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात एकच असेल, आणि तो माझा मामा आहे. आमच्याकडे घरोघरी द्राक्षबागा. पानावर अळी दिसली की माणूस भरल्या ताटावरून उठतो आणि फवारणीचा पंप पाठीला लावतो. मामा मात्र शेडमध्ये ट्रे भरभरून अळ्या पाळतो, त्यांना सडके टोमॅटो भरवतो, उन्हाळ्यात वर ओलं गोणपाट टाकतो. मामी म्हणते, "मला कधी कूलर आणला नाय, अळ्यांना पंखा लावलाय!"

हे सगळं शेततळ्यातल्या माशांसाठी. विकतच्या खाद्यात सुक्या मासळीची भुकटी असते हे कळलं आणि मामाचं बिनसलं. "समुद्रातले मासे मारायचे आन् तळ्यातल्या माशांना घालायचे, याला काय अर्थ हाय?" आधी त्यानं सोयाबीनची पेंड करून पाहिली, मग ही काळी माशी आणली. तिच्या अळ्या वाळवून दळल्या की खाद्य तयार. "मासा आन् माशी, नावावरूनच भाऊबहीण दिसतात," असं तो म्हणतो. तयार खाद्याची चिमूट आधी स्वतःच्या जिभेवर ठेवतो. एकदा गंभीरपणे म्हणाला, "मीठ कमी हाय." मी नाशिक शहरात इंदिरानगरला खोली घेऊन कॉलेज करते, तेव्हा शिकलेल्या भाचीला तरी हे पटावं, अशी त्याची अपेक्षा. मला पटतं, फक्त मैत्रिणींना नीट सांगता येत नाही.

यंदा पहिल्यांदाच अळ्या पुरेशा झाल्या होत्या. विकतचं खाद्य आता बंद, असं मामानं गावभर सांगितलं होतं. मी सुट्टीला मळ्यात आले होते. त्या दिवशी मामा आणि मी मार्केटमधून सडके टोमॅटो आणायला गेलो. मामी खुरपणीला गेली होती. माझे वडील, अण्णा, पाहुणे म्हणून आले होते, ते मळ्यात थांबले. मामा माशी पाळतो एवढं ते ऐकून होते. अळी मात्र त्यांना शत्रू म्हणूनच ठाऊक.

परतलो तर शेडमध्ये औषधाचा उग्र वास. अण्णा घामाघूम होऊन पाठीवरचा पंप उतरवत होते.

"बरं झालं मी होतो. लय अळी पडली होती तुझ्या शेडात. एक नाय ठेवली!"

मामानं ट्रेमध्ये बोट फिरवलं. आता हा ओरडणार, असं मला वाटलं.

"दाजी, आधी हात धुवा साबणानं," तो म्हणाला. "औषध जहाल असतं."

खरं काय ते अण्णांना मामीकडून कळलं. चहा तसाच ठेवून ते मोटरसायकलवर घरी निघून गेले. औषधानं विषारी झालेल्या अळ्या माशांना घालता येईनात, म्हणून मामानं बांधाच्या कडेला खड्डा करून त्या पुरल्या. सगळ्याच मेल्या होत्या. पावलं ऐकून मासे काठाशी आले, तेव्हा त्यानं विकतचं खाद्य टाकलं. बराच वेळ टाकत राहिला.

मला गाडीत बसवताना म्हणाला, "दाजींना सांग, खालच्या ट्रेमधल्या वाचल्या."

"पण मामा, एकसुद्धा..."

"सांग गं. नायतर घास नाय उतरायचा त्यांना."

मी घरी तसंच सांगितलं. खाली किती होत्या, असं अण्णांनी विचारलं. मी म्हणाले, भरपूर. मग ते जेवायला बसले.