“यकृत” हा शब्द अप्पांना कुणी सांगितला?

आमचे अप्पा सोलापूरच्या मार्केट यार्डात हमाल होते. आई विड्या वळायची. घरात कंदील एकच, आणि तो माझ्या पुस्तकापाशी. बाकीचे अंधारात जेवायचे. असल्या घरातनं मी बी.ए. झाले, अख्ख्या भावकीत पहिली. अंगात येणं, उतारे टाकणं हे मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. पुढचं वाचून कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसा.

आणीबाणी उठल्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. भर दुपारी भुईमुगाच्या पोत्यांची थप्पी अप्पांच्या अंगावर कोसळली. वरून साधं खरचटलंही नव्हतं. त्यांच्याबरोबरचे हमाल मल्लूकाका यांनी हातगाड्यावर घालून त्यांना एका मोठ्या दवाखान्यात आणलं... नाव लिहीत नाही. मी पळत पोचले तेव्हा अप्पा कण्हत एवढंच म्हणत होते, “काळीज फाटलं गं... काळीज.”

ड्यूटीवरचे तरुण डॉक्टर परप्रांतातले, मराठी कळेना. मला विचारलं, काय म्हणतोय? मी बी.ए.च्या तोऱ्यात इंग्रजी फाडलं – “हार्ट, सर! हिज हार्ट!” अहो, आमच्याकडं काळीज म्हणजे मटणवाल्याकडं मिळतं ते, लिव्हर! आणि मी कवितेतलं काळीज सांगून बसले. ही चूक माझी, ती मी झाकत नाही.

पण त्यांनी काय केलं? छातीला नळी लावून ठोके ऐकले, “घबराया है” म्हणाले, एक इंजेक्शन टोचलं आणि बाकावर टाकून दिलं. पोटाला हातसुद्धा लावला नाही. दोन तास! पोट फुगून दगड झालं, ओठ पांढरे पडले. मी परत सांगायला गेले तर म्हणतात, “बी.ए. किया तो डॉक्टर हो गयी क्या?” अजून अंगाची आग होते.

शेवटी मल्लूकाका ओरडले, “मानूस थंडा पडतोय की हितं! कुनी बगनार हाय का न्हाय?” त्या आवाजानं आतले मोठे सर्जन बाहेर आले. अप्पा तासाभरापासून हाकेला ओ देत नव्हते. सर्जन वाकले आणि अप्पांनी डोळे उघडले. शाळामास्तरासारख्या स्वच्छ आवाजात म्हणाले, “यकृत फाटलंय. पुढं एक, मागं एक.” आणि परत डोळे मिटले.

मी ऐकलं, सिस्टरनी ऐकलं. मल्लूकाका म्हणाले, “काय म्हनला ह्यो? कुटली भाषा ही?”

अप्पांना सहीसुद्धा येत नव्हती. घरी आम्ही निम्मं कन्नडच बोलायचो.

सर्जननी पोटात सुई घातली, तर सिरिंज रक्तानं भरली. लगेच ऑपरेशन. रक्त मी दिलं, मल्लूकाकांनी दिलं, यार्डातल्या आणखी दोघांनी दिलं. संध्याकाळी सर्जन बाहेर आले, तेव्हा त्यांना उभं राहवत नव्हतं. म्हणाले, “पुढची जखम शिवली, रक्त थांबलं. पोट बंद करायला घेतलं, आणि त्यांचं ‘मागं एक’ आठवलं. हात मागं सरकवला तर तिथं दुसरी, खोल. तशीच राहिली असती तर गेले असते. त्यांना कुणी सांगितलं हो?”



भावकी म्हणते, देवानं वाचवलं. मग दोन तास बाकावर कुणी ठेवलं? आणि कंबर मोडेपर्यंत उभं राहून शिवणाऱ्या माणसाचं नाव घ्यायला तोंड दुखतं का? माझ्या ऑफिसातले शहाणे म्हणतात, तुझं शाळेतलं पाठांतर त्यांच्या कानावर पडलं असेल. बरं, शब्द पडला असेल. मागची जखम माझ्या कुठल्या पुस्तकात होती?

शुद्धीवर आल्यावर अप्पांनाच विचारलं. म्हणाले, “यकृत? त्ये काय असतंय गं?” चेष्टा करत नव्हते. बाकावरचं त्यांना काहीच आठवत नव्हतं.

याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही, आणि उगाच करून दाखवणार नाही. झालं ते एवढं – ऑपरेशननंतर पोटात ठेवलेली नळी तीन आठवड्यांनी निघाली. ओझी उचलणं कायमचं सुटलं. पण वर्षाच्या आत अप्पा त्याच यार्डात दाभण घेऊन पोती शिवायला बसले, आणि पुढची अकरा वर्षं बसत होते.