खंडेनवमीला पूजलेला कॉम्प्युटर

घरात मी कॉम्प्युटरच्या पूजेचा किस्सा सांगतो तेव्हा बायको-पोरं पोट धरून हसतात. पण मी जिथं थांबतो, तिथं तो किस्सा संपलेला नाही.

तेव्हा मी साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात कारकून होतो. कॉम्प्युटर नुकतेच आले होते. तीन मशीनी केबलनं जोडलेल्या, आणि ऊसतोडीच्या टोळ्यांची यादी सगळ्यांसाठी एकाच ड्राइव्हवर, एक्सेलमध्ये. कुठली टोळी कुठल्या गावातून ट्रकनं उचलायची, ते त्या यादीवरून ठरायचं. ती भरायला रोजंदारीवर एक मुलगी होती, वीस-बावीसची, शिरूर कासारची. आई-बाप दरसाल ऊस तोडायला जाणारे. कॉम्प्युटरचा कोर्स केला म्हणून ती यंदा पहिल्यांदाच कोयत्यातून सुटली होती.

खंडेनवमीला सकाळी मी माझ्या मशीनची पूजा मांडली. हंगाम चांगला जावा म्हणून पडद्यावर तीच यादी उघडून ठेवली. ताट तिनंच धरलं होतं. हळद-कुंकू, हार, पेढे झाले. मग पडद्याचं बटण बंद करून वर कापडी कव्हर घातलं. टीव्हीसारखंच हे, पडदा काळा झाला म्हणजे मशीन झोपलं, असा माझा पक्का समज.

दुपारी शेजारच्या मशीनवरून ती म्हणाली, "सर, सेव्ह होईना. फाईल दुसरीकडं उघडी हाय म्हणतंय. नुसती वाचता येतीय."

"कुणाचं नाव येतंय?"

"आपल्या ऑफिसचंच."

मशीनी बसवणाऱ्या मेकॅनिकनं तिन्हींवरच्या एक्सेलमध्ये ऑफिसचंच नाव टाकलं होतं. मी केबल काढली, फुंकर मारली, पुन्हा लावली. तिचं मशीन दोनदा बंद-चालू केलं. साहेबांच्या केबिनमधलं पाहिलं, तर तिथं पत्त्यांचा डाव उघडा होता. शेवटी ती दबकत म्हणाली, "सर, तुमचं बघावं का?"

"पूजलेल्याला हात? तुमच्या घरी आज कोयत्याला लावतेत का?"

ती पुन्हा आपल्या मशीनकडं वळली.

तेवढ्यात साहेब आले. "यादी कुठाय? ट्रक थांबलेत."

मी बेधडक सांगितलं, "हिनंच फाईल दोनदा उघडून ठेवली असंल, साहेब. नवीन हाय."

"असं असंल तर दसऱ्यानंतर येऊ नको," साहेब तिला म्हणाले. तिनं डबा उचलला आणि गेली.

तासाभरानं लाईट गेली, आणि माझ्या टेबलाखालचा यूपीएस टीं-टीं करायला लागला. हार घातलेलं, झोपलेलं माझं मशीन सकाळपासून जागं होतं, यादी उघडी ठेवून. बॅटरी संपली, आवाज थांबला. लाईट आल्यावर तिच्या मशीनवर यादी मुकाट्यानं उघडली, मुकाट्यानं सेव्ह झाली.

घरात मी इथं थांबतो. सगळे हसतात.

खरं म्हणजे मी साहेबांना सांगितलं, "व्हायरस होता, तिचा दोष न्हाई." साहेब म्हणाले, "मग बोलवा तिला." दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, मी एसटीनं शिरूरला गेलो. दारात तीन बोचकी बांधून ठेवलेली. तिसरं कुणाचं, ते विचारायची गरज नव्हती.

मी निरोप सांगितला. तिच्या आईनं हात जोडले. "साहेब, तुमच्यामुळं लेक वाचली बघा." मी नको-नको म्हणालो, पण ते नम्रपणाचं नको-नको होतं, खरं नव्हे.

तिनं चहा आणून दिला. हळूच विचारलं, "सर, पूजेला यादी उघडलती, ती बंद केलती का तुमी?"

खरं बोलायला एवढी सोपी जागा मला आयुष्यात पुन्हा मिळाली नाही. आई शेजारीच उभी होती, अजून हात जोडून.

"केलती की," मी म्हणालो.

"मग व्हायरसच असंल," ती म्हणाली, आणि माझ्याकडं पाठ करून तिसऱ्या बोचक्याची गाठ सोडायला बसली.