चार घड्यांची चिठ्ठी

नागपुरात अकरा वर्षं गणित शिकवलेल्या बाईला अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या पोरांची कसली आलीय भीती, असं शरयूला वाटलं होतं. सप्टेंबर १९८६मध्ये पहिली चाचणी झाली. तिनं नेहमीसारखा गठ्ठा हातात घेतला आणि वरपासून खालपर्यंत, नावानिशी मार्क वाचले. "आणि शेवटी ट्रेसी. पंचवीसपैकी नऊ." वर्गात कुणी हूं की चूं केलं नाही. नागपुरात निदान मागच्या बाकांवर खसखस पिकली असती.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपल मिसेस हॉल्वर्सननी बोलावलं. पालकांचे फोन आले होते.

"मार्क ज्याचे त्याला सांगायचे," बाई गोड आवाजात म्हणाल्या. "आणि मुलांना कळतंय, हे तुम्हाला कसं कळतं?"

"मी विचारते ना, समजलं का म्हणून."

"मग?"

"हो म्हणतात."

बाईंनी वहीत काहीतरी टिपलं. मार्चमध्ये त्या वर्गात येऊन बसणार होत्या, आणि पुढच्या वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट त्यावरच ठरणार होतं.

झालं! शरयूच्या पायाला भिंगरी लागली. ओट्यापासून फ्रिजपर्यंत, फ्रिजपासून ओट्यापर्यंत. "अगं, बस की जरा," नवरा दिगंबर म्हणाला. "टाइल्स झिजतील."

सातवीतली लेक दीपा मात्र हादरलीच. "आई, यू रेड देम आउट लाउड?"

"त्यात काय एवढं? आमच्या वेळी फळ्यावर लावायचे."

"अँड यू लाइक्ड इट?"

"माझा पहिला नंबर असायचा," शरयू म्हणाली, आणि स्वतःच्याच उत्तराचा तिला भयंकर राग आला.

मग तिनं चिठ्ठ्या सुरू केल्या. तास संपताना अर्धा कागद, नाव नाही, आज काय कळलं नाही तेवढं लिहायचं. पहिल्या दिवशी बहुतेक कोऱ्या. एकीत लिहिलं होतं, तुम्ही फार भरभर बोलता. दुसरीत, तुम्ही फळ्याशीच बोलता. काय आगाऊ कार्टी! दोन दिवस ती धुमसत राहिली. तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं वर्गाकडे तोंड करून सावकाश शिकवायला लागली. पेपरांवरही आधी मार्क देणं सोडलं. गणित जिथं घसरलं तिथं एक ओळ लिहायची आणि पोरांना पुन्हा करू द्यायचं. हात दुखून यायचा.

ट्रेसीची चिठ्ठी नाव नसूनही ओळखू यायची. चार घड्या घातलेली, आणि रोज कोरी. ह्या पोरीचं तोंड आपणच बंद केलं, हे शरयूला पक्कं ठाऊक होतं.

मार्चमधल्या त्या दिवसासाठी तिनं नवा धडा पाठ केला, रंगीत तक्ते केले. सकाळी कालच्या चिठ्ठ्या चाळल्या, तर चार घड्यांच्या चिठ्ठीत अक्षरं! "वजा वजा म्हणजे अधिक कसं? सप्टेंबरपासून कळत नाहीये."

सहा महिने! आणि हिला आजचाच मुहूर्त सापडावा?

घंटा झाली. मिसेस हॉल्वर्सन मागे वही उघडून बसल्या. शरयूनं एकदा तक्त्यांकडे बघितलं आणि ते गुंडाळून ठेवले. जमिनीवर खडूनं लांब रेघ ओढून आकडे मांडले.

"तीनातून वजा दोन वजा करायचेत. मी तीनवर उभी. वजा करायचं, म्हणून तोंड मागे फिरवलं. आकडाही वजा, म्हणून उलटी पावलं दोन."

ती पाचावर पोचली. पोरं बघतच राहिली.

"कुणाला कळलं नाही?"

एक हात वर आला, मग चार, मग निम्मा वर्ग. ट्रेसीचाही. एकेक जण रेघेवर चालला. ट्रेसी दोनदा चुकली, कुणी हसलं नाही, तिसऱ्यांदा बरोबर पोचली. नवा धडा तसाच राहिला.

तास संपल्यावर मिसेस हॉल्वर्सन टेबलावर कागद ठेवून निघून गेल्या. उघडायचा धीरच होईना. खिडकी ते टेबल, टेबल ते खिडकी अशा येरझारा झाल्या. शेवटी उघडला. "ठरलेला धडा झाला नाही. पुढच्या वेळी दोन्ही सांभाळा. पुढच्या वर्षीही मी बघायला येईन."

म्हणजे पुढचं वर्ष होतं! शरयूनं ते तीनदा वाचलं. मग आजच्या चिठ्ठ्या पुढे ओढल्या आणि आधी चार घड्यांची शोधली.

आत प्रश्न नव्हता. नाव लिहू नका म्हणून सांगितलं असतानाही, कागदाच्या अगदी वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ट्रेसी.

शरयू खुर्चीत बसली आणि ओक्साबोक्शी रडली.