शैलाताईचं बाजारगाव

शैलाताई गेल्याचं कळलं तेव्हा मी मुलुंडच्या घरी मेथी निवडत बसले होते. फोन तिच्या दिराच्या मुलाचा, डॅनियलचा होता. इंग्लंडहून तो फक्त नाताळात फोन करतो, त्यामुळे नाव बघताच माझा हात थांबला. मला समजावं म्हणून तो सावकाश बोलत होता... ताई स्वयंपाकघरात पडलेली सापडली. तीही शेजाऱ्यांना नाही. गावातल्या प्रसिद्ध लेखकाचं घर शोधत आलेल्या एका परदेशी जोडप्यानं चुकून तिचं दार वाजवलं. आत दिवा दिसतोय आणि कुणी उघडत नाही, म्हणून त्यांनी खिडकीतून पाहिलं. आता सहा महिने उलटले, तरी ती खिडकी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

ताई माझी मोठी बहीण. नर्सिंग करून तरुणपणीच ती इंग्लंडला गेली आणि तिथे तिनं ग्रॅहमशी लग्न केलं. बाबा वर्षभर तिच्याशी बोलले नाहीत, मग बोलायला लागले. ग्रॅहमचं गाव बाजाराचं. मधोमध दगडी फरसबंदीचा चौक, आणि कितीतरी पिढ्या दर गुरुवारी आसपासचे शेतकरी तिथे मेंढ्या, लोकर, धान्य घेऊन यायचे. चौकाच्या कोपऱ्यावर ग्रॅहमच्या घराण्याचं दुकान होतं. खिळे, बादल्या, दोरखंड, कुंपणाची तार असला माल, आणि वर राहायची जागा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ताई एप्रन बांधून एका शेतकऱ्याला तार कापून देत होती आणि तो तिला त्याच्या मेंढीच्या सुजलेल्या पायाबद्दल विचारत होता. "मी नर्स आहे हे कळल्यापासून सगळे मेंढ्यांचीच दुखणी सांगतात गं," ती मला मराठीत म्हणाली आणि त्याच्याकडे बघून गंभीरपणे मान हलवत राहिली.

त्याच गावात फार पूर्वी एक कादंबरीकार जन्मला होता. तेव्हा त्याच्या घरावर एक पाटी होती, बाकी काही नाही. मग त्याच्या कादंबरीवरून टीव्हीवर मालिका निघाली आणि चौकात पर्यटकांच्या बसगाड्या उभ्या राहू लागल्या. धान्यबाजाराच्या इमारतीत प्रदर्शन आलं, खाटकाच्या दुकानात पोस्टकार्डं आली, बेकरीत लेखकाच्या चेहऱ्याची बिस्किटं मिळू लागली. मेंढ्यांचा बाजार आधी गावाबाहेर नेला आणि पुढे बंदच झाला. पाहुण्यांना वास सहन होत नव्हता म्हणे. ग्रॅहम गेल्यावर दुकान ताई एकटी ओढत होती. मी फोनवर म्हटलं, "तूही ते लेखकाचे कप ठेव ना." "ठेवलेत," ती म्हणाली. "खिळ्यांच्या शेजारीच. कप संपतात, खिळे पडून राहतात." पुढे तिनं दुकान बंद केलं आणि वरच्या घरात राहिली. आजूबाजूची घरं एकेक करून सुट्टीवर येणाऱ्यांना भाड्यानं गेली होती. तिला दर आठवड्याला नवे शेजारी मिळायचे, आणि नाव कळेपर्यंत ते निघूनही जायचे.

तिचे गुडघे फार दुखायला लागले तेव्हा मी हट्टानं तिला मुलुंडला आणलं. ती कायमचीच म्हणून आली होती. पहिले काही आठवडे झकास गेले. रोज सकाळी बोंबील की कोळंबी, यावर आमची भांडणं. मग एकदा ती आमचं लहानपणीचं घर बघून येते म्हणून निघाली आणि लगेच परत आली. तिथे टॉवर झालाय, खालची दुकानं गेलीत, हे मी तिला सांगितलं होतं. पण सांगणं वेगळं.

"आपल्या लिफ्टमध्ये एका मुलीनं विचारलं, आंटी, कोणाकडे आलात?" ती म्हणाली.

"मग सांगायचं ना, इथेच राहते म्हणून."

"सांगता आलं नाही गं."

त्या संध्याकाळी तिनं परत जायचं काढलं. मला राग आला. "तिथे तरी कोण आहे तुझं?" मी विचारलं. ती गॅलरीतून खाली बघत म्हणाली, "कोणी नाही... पण तिथलं एकेक माणूस जाताना मी बघितलंय. प्रत्येकाला हात केलाय. इथे मी आले तेव्हा सगळे आधीच गेलेले होते."

विमानतळावर तिनं माझा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवला.

नंतर फोनवर ती दार चुकलेल्या पर्यटकांबद्दल सांगायची. आधी ती त्यांच्यावर वैतागायची, मग त्यांना आत बोलवून चहा द्यायला लागली. "तेवढीच माणसं येतात," म्हणायची. तिच्या अंत्यविधीला चर्चमध्ये जेमतेम दोन बाकं भरली, असं डॅनियलनं सांगितलं. गावात राहणारं आता फारसं कुणी उरलेलं नाही. एक म्हातारा शेतकरी मात्र लांबून काठी टेकत आला आणि शेवटपर्यंत उभा राहिला.

आता तिचं घरही पर्यटकांना भाड्यानं द्यायचं ठरलंय. मागच्या महिन्यात डॅनियलनं जाहिरातीचे फोटो पाठवले. भिंती पांढऱ्याशुभ्र, पडदे नवे. स्वयंपाकघरात चुलीच्या वर, चित्र टांगावं तसा ताईचा पोळपाट टांगलाय. हे काय आहे असं पाहुणे विचारतील, त्यांना काय सांगू, असं त्यानं विचारलं होतं. मी फोटो मोठा करून पाहिला. पोळपाट मधोमध झिजलाय. एवढी वर्षं रोज दोनच पोळ्या लाटूनही इतका झिजतो... मी त्याला लिहिलं, "शोभेसाठी ठेवू नकोस. खाली उतरवून ओट्यावर ठेव. कुणाला काही लाटायचं असेल तर लाटू दे."

त्यानं अंगठा पाठवला. मी रोज एकदा ती जाहिरात उघडून बघते. पोळपाट अजून भिंतीवरच आहे.