रोशनीच्या जागेवर रमिला

भूपेंद्र सरांना थकलेलं बघायची आम्हाला इतकी सवय झाली आहे की एखाद्या दिवशी ते ताजेतवाने आले, तर आम्हीच विचारू, सर, बरं नाही का? अक्कलकुव्याजवळच्या आमच्या खासगी आयटीआयमध्ये ते फ्रिज-एसी दुरुस्तीचा ट्रेड शिकवतात. मी शेजारच्या टेबलावर बसतो आणि पोरांना अर्ज कसा लिहावा, मुलाखतीला कसं बसावं असलं काहीबाही शिकवतो. दोघांत खरं काम त्यांचं, हे मला मान्य आहे. फक्त ते काम कुठे जातं हे दोघांनाही माहीत नाही.

सरांचं घर तापीकाठच्या गुजर पाटलांचं. केळी, ऊस, कापूस. भाऊ शेतात राहिले, सर नोकरीत पडले आणि सपाटीवरून डोंगराकडे मोटारसायकल पळवत केस पांढरे झाले.

मध्यंतरी वरून नवीन टूम निघाली. पोरांना वर्गात शिकवून भागणार नाही, काही महिने प्रत्यक्ष कामावर धाडा, म्हणजे जिल्ह्यातल्या जिल्ह्यात कारागीर तयार होतील. बोलायला झकास. पण धाडायचं कुठे? सर दुकानं पालथी घालायला लागले. शहाद्याला, तळोद्याला, नंदुरबारला. दुकानदार चहा पाजतात आणि पोरगं नको म्हणतात. पोरगी म्हटलं तर चहाही येत नाही. कोणी म्हणतो हात कापला तर जबाबदारी कोणाची, कोणी म्हणतो शिकला की शेजारीच दुकान टाकतो. सर सगळं ऐकून घेतात, पुन्हा येतो म्हणतात, आणि खरंच पुन्हा जातात. मला याचा राग येतो. त्यांना येत नाही, किंवा येत असेल तर तो काढायला त्यांच्या अंगात त्राण उरत नाही.

आजवर त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं सुरतला आहेत, अंकलेश्वरला आहेत, वापीला आहेत. एकही इथे नाही. एकदा बस चुकल्यावर स्टँडवर बसलो असताना ते म्हणाले, "रिटायर व्हायच्या आत आपलं एक तरी पोरगं याच जिल्ह्यात मशीनवर लागलेलं बघायचंय. एकच. जास्त मागत नाही." असल्या वेळी काय बोलावं हे मी पोरांनाही शिकवत नाही.

मग अमृत पाटील सापडले. सापडले म्हणजे घरातलेच, सरांच्या बायकोचे मावसभाऊ. सारंगखेड्याच्या अलीकडे त्यांनी केळीचं पॅकहाऊस टाकलं होतं. शेतातून घड येतात, फण्या कापतात, धुतात, खोक्यात भरतात आणि खोकी थंड खोलीत जातात. तिथून माल परदेशी. त्या खोलीचं मशीन म्हणजे सरांच्या ट्रेडची पंढरी. अमृतभाऊ म्हणाले, "दाजी, धाडा एखादी पोर. मशीन शिकी गई ते तिलेच कायमची ठेवी लिसू." शिकली तर ठेवून घेईन, असा शब्द. सर त्या दिवशी मोटारसायकलवर चक्क गुणगुणत होते.

त्यांनी निवडली रोशनी वसावे. मोलगीच्या पुढच्या पाड्यावरची, हुशार, हात स्वच्छ आणि डोकं थंड. घरची परवानगी काढायला आम्ही दोघं गेलो, म्हणजे सरांनी गाडी चालवली आणि मी मागे बसून घाट बघितला. तिचे वडील सुकराम अंगणात खाट टाकून बसले होते. घरात पावरी-भिलीचं बोलणं, आमच्याशी बाजारातलं सावकाश मराठी. सरांनी त्यांना समजावलं आणि शेवटी, बापांना नेहमी सांगतात तेच सांगितलं: "दादा, एकदा गेलं की काम अर्ध्यावर सोडायचं नाही. शब्द द्या." सुकराम विचार करून म्हणाले, "आमचं घर सोडणार नाही." सरांना याहून जास्त काय हवं होतं. रोशनी पॅकहाऊसवर गेली, तिथेच बायकांच्या खोलीत राहू लागली.

हे झालं थंडीत. उन्हं तापायला लागली तेव्हा आम्ही तिची विचारपूस करायला गेलो. पॅकहाऊसवर गर्दी होती. बायका डोक्याला प्लास्टिकची टोपी, तोंडाला मास्क, अंगात निळा एप्रन अशा रांगेने उभ्या. मुकादम नवलसिंग आम्हाला बघून ओरडला, "रोशनी, तुन्हा सर उनात!" एक मुलगी खोकं खाली ठेवून आली. एप्रनवर आमच्या आयटीआयचा बिल्ला, बिल्ल्यावर रोशनीचं नाव. तिने मास्क खाली केला. ती रोशनी नव्हती.

सर तिच्याकडे बघत राहिले. तीही सरांकडे बघत राहिली, पण घाबरलेली अजिबात नव्हती. "मी रमिला," ती म्हणाली. "रोशनीची बहीण. तिला ताप आला, घरी नेली. मग मी आले."

"कधीपासून?"

"होळीच्या आधीपासून."

नवलसिंगला आम्ही काय बोलतोय ते कळेना. त्याच्या लेखी रोशनी रोज हजर होती. टोप्या मोजायच्या, तेवढ्या भरल्या की झालं.

सर मला बाजूला घेऊन गेले आणि एका रिकाम्या क्रेटवर बसले. "संपलं," ते म्हणाले. "आता अमृत म्हणेल, तुमच्या डोंगरातल्या पोरींचा भरवसा नाही. शब्द मोडला, जागा गेली."

मला मात्र काय झालंय ते दिसत होतं. डोंगरात लाह म्हणून एक रीत आहे. एकाच्या शेतात, नाहीतर घराच्या छपरावर, सगळा पाडा मिळून राबतो. मजुरी नाही, जेवण. मग ज्याच्याकडे राबलो तो आपल्याकडे येतो. हे देणं घेणं माणसाचं नसतं, घराचं असतं. एक आजारी पडलं तर त्याच घरातलं दुसरं उभं राहायचं, घराची जागा रिकामी दिसता कामा नये. सुकरामांनी शब्द दिला होता घराचा. घर एक दिवसही चुकलं नव्हतं. मी हे सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

शेवटी उठून ते अमृतभाऊंच्या ऑफिसात गेले. खोटं बोलणं त्यांना जमत नाही. सगळं सांगितलं, माफी मागितली, मुलीला समजावून परत आणतो म्हणाले. अमृतभाऊ फोनवर कोणाशी तरी गाडीच्या वेळेचं बोलत होते. फोन ठेवून म्हणाले, "बस एवढंच का दाजी? मी म्हटलं काय व्हयनं. पोरी दोन्ही चांगल्या शेतस. हाई नही ते ती, कोन्हीबी चाली. पुढला वरीसले दहा धाडा."

तेवढ्यात चहा आला. सरांनी कप उचलला नाही. कोणीही चालेल. राग आला असता, शिव्या बसल्या असत्या तर सरांना चाललं असतं. पोरगी बदलली आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण फरक कळावा असं तिच्या हातात काही दिलेलंच नव्हतं. मला त्या माणसाचा इतका संताप आला की मी माझा चहाही तसाच ठेवला. माझ्याकडून एवढाच निषेध होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोलगीला गेलो. घाटात सर दोनदा थांबले, पाणी प्यायले. पाड्यावर रोशनी अंगणातच बसली होती. ताप उतरला होता, पण चेहरा ओढलेला. आई कालीबाई चुलीवर भाकरी टाकत होती. सुकरामांनी खाट दिली, पाणी दिलं. त्यांच्या मनात काही चुकल्याची शंकाही नव्हती. उलट विचारलं, "रमिला बरोबर करते ना काम?"

"बरोबर करते," सर म्हणाले. मग रोशनीकडे वळले. "बेटा, खरं सांग. मशीनवर तुला काय काय करायला दिलं?"

रोशनीने आईकडे बघितलं, मग खाली. शाळेत शिकलेल्या नीट मराठीत ती म्हणाली, "सर, मशीनच्या खोलीत मला एकदाच नेलं. फरशी पुसायला."

"आणि बाकी वेळ?"

"खोकी भरली."

सुकराम दोघांकडे बघत होते. त्यांनी हळूच विचारलं, "सर, मग आमचं घर तिकडं राबलं ते कशाचं?"

"शिकायचं, दादा."

"रमिला काय शिकली?"

"खोकी भरायला."

"आणि रोशनी?"

सुकरामांनी रागावून विचारलंच नव्हतं. त्यांना हिशोब लागत नव्हता, एवढंच. थोड्या वेळाने ते छपराकडे हात दाखवून म्हणाले, "पावसाच्या आधी कौलं चाळायची आहेत. तुमचा पाटील कधी येणार? त्याच्या घरचं एक माणूस आलं तरी चालेल."

ते थट्टा करत नव्हते. इतके महिने या घराने तिकडे हात लावले होते, आता तिकडचे हात इकडे यायचे. त्यांच्या जगात याला दुसरा अर्थच नाही. आणि अमृतभाऊंच्या नात्यातला माणूस समोरच खाटेवर बसला होता. सरांची मान खाली गेली. त्यांच्यासारख्या माणसाला अंगणात असं बसलेलं बघणं मला सोसेना. मी उठून उगाच शेळीजवळ गेलो.

"तो येणार नाही, दादा," सर म्हणाले. "त्याला लाह माहीत नाही. मीच चुकीचं बोललो तुमच्याशी."

"मग ते काम होतं," सुकराम म्हणाले. "कामाला मजूर जातो. पोरीला शिकवायचं म्हणून का नेलं? रमिलाला पण घेऊन येतो उद्या."

वीस वर्षं बापांची मनं वळवणाऱ्या माणसाकडे या बापाला सांगायला शब्द नव्हता. ती एकुलती एक जागा, जिच्यासाठी त्यांनी इतकी दारं झिजवली, त्यांच्या डोळ्यांदेखत चालली होती आणि ती अडवायला त्यांना लाज वाटत होती.

बोलली ती रोशनी. आधी वडिलांशी घरच्या बोलीत, बराच वेळ. सुकरामांनी दोनदा मान हलवली, नाही म्हणून. मग हलवली नाही. तेव्हा ती सरांना म्हणाली, "सर, त्या मशीनचा मिस्त्री सुरतहून येतो. महिन्यातून एकदा, असं तिथल्या बायका सांगतात. तो खोलतो तेव्हाच आतलं दिसतं. तो येईल त्या दिवशी मी जाते. बाकी दिवस कोणीही चालतं त्यांना, पण त्या दिवशी मीच पाहिजे. रमिलाला पण नाही पाठवणार."

सरांनी तिथूनच फोन लावला. पाड्यावर रेंज एका टेकाडावरच येते, म्हणून आम्ही सगळे टेकाडावर चढलो, कालीबाईसुद्धा. फोन स्पीकरवर होता.

"अमृत, मिस्त्री कधी येतोय?"

"परवा दिन. काबरं?"

"रोशनीला त्या दिवशी त्याच्यासोबत उभी करायची. बाकी काही नको."

पलीकडे अमृतभाऊ हसले. "दाजी, त्या दिन कसाले? मशीन खोलं की लाइन बंद ऱ्हास. पोरीसले सुटी देतस आम्ही. आजपावत कोन्ही उनंच नही त्या दिन."

सर फोन धरून उभे राहिले. इतके महिने ज्या एका दिवशी त्या पोरीला काही शिकता आलं असतं, नेमकं त्याच दिवशी तिला खोलीवर जा म्हणून सांगत होते, आणि ती बिचारी कपडे धूत बसत होती. रोशनीला हे एका क्षणात कळलं.

"मशीनच्या खोलीचा दरवाजा तरी उघडा असेल ना?" सरांनी विचारलं.

"मिस्तरीसाठी उघडाच ऱ्हास."

"बास." त्यांनी फोन बंद केला. रोशनीकडे न बघताच, टेकाड उतरता उतरता म्हणाले, "परवा सुट्टी आहे. सकाळच्या पहिल्या जीपने खाली पॅकहाऊसवर ये. मीही येतो."