पुठ्ठ्यावरचा जंजिरा

रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर शेजारी बसलेल्या माणसाचा पाय सारखा हलत होता, त्याबरोबर आमचं बाकडंही. संपामुळे गिरणी बंद पडली म्हणून गावी आलेला, आता मुंबईत काय चाललंय ते बघायला निघालेला.

"खेळता काय?" म्हणत त्याने पिशवीतून पुठ्ठा काढला. मधोमध जंजिरा, भोवती चौकटींचा समुद्र. त्याची बटणं म्हणजे मराठ्यांची गलबतं, माझे चिंचोके सिद्दीचे. फाशावर एक पडला की ओहोटी. गलबतं जागीच थांबायची. दोन मिनिटांत मला खेळ आला.

"पण जंजिरा कधी पडलाच नाही," मी म्हणालो.

"म्हणून तर. वर्षानुवर्षं वेढा घालून कोण बसणार? गिरणीचा काय खरा नाय. हय पुठ्ठ्यावर दहा मिन्टांत निकाल लागतो."

तेवढ्यात मुंबईची गाडी लागली. तो उठला नाही. कंडक्टरने घंटी मारली.

"अहो, गाडी," मी म्हणालो.

"एवढा निकाल लागू दे." त्याने फासा टाकला. एक पडला.

गाडी फाटकातून बाहेर गेली. बाकडं आता हलत नव्हतं.

"टाका," तो म्हणाला, "तुमची पाळी."